तोंड बांधलेला राखणदार

निरोप दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं आणला. बारामतीत आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाशी गाडी थांबवून त्यानं तो वॉचमनला सांगितला, आणि मी जेवणाच्या रांगेत उभी असताना वॉचमननं सगळ्यांदेखत मला सांगितला. "तुमच्या कुत्र्याचं तोंड मोडलंय. आईनं शनिवारी लवकर बोलावलंय." मागच्या मुली हसल्या. घरून कुत्र्याच्या तोंडाची बातमी येते, याचं हसू येणं साहजिकच होतं. मीही थोडी हसले. मग ताट घेऊन बसले आणि घास तोंडात नुसता फिरत राहिला.

कारण माझं कॉलेज त्या कुत्र्यावर चाललं होतं. हे वाक्य आज लिहितानाही विचित्र वाटतं, पण ते तसंच होतं.

आमची वस्ती अंथुर्ण्याच्या शिवारात, गावापासून लांब, चारी बाजूंनी ऊस. वडील वालचंदनगरला साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करत. मी दहावीत असताना ते आजारपणात गेले. मग वस्तीवर आई आणि मी, दोघीच. बारावीनंतर माझं बी.एस्सी.ला बारामतीला जायचं निघालं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती राखणीची. आमच्यात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजबद्दल कोणाला फारसं मत नव्हतं. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या बाईबद्दल मात्र सगळ्यांना होतं. वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले,

"पोरगी शिकाया जाऊ दे, माझं काय न्हाय. पर दिवस बुडल्यावर हितं तुला कोन हाय?"

"कुत्रं हाय की," आई म्हणाली.

आबांनी ओट्याखाली बघितलं. "ह्यो? ह्यो कापसाचा बोळा?"

"बोळा हाय, पर वरडतो किती! तुमच्या आळीतली समदी कुत्री मिळून वरडत न्हाईत तेवढा ह्यो येकटा वरडतो."

ते खरं होतं. कुत्रा पांढरा, केसाळ, मांजराहून थोडा मोठा. पामेरियन म्हणत सगळे. कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली आणि ते जाताना त्याला बंगल्यात तसंच सोडून गेले, म्हणून वडिलांनी सायकलच्या पुढच्या पिशवीत घालून तो घरी आणला होता. त्याचं तिकडचं इंग्रजी नाव आईच्या तोंडी कधी बसलं नाही. ती नुसतं "यू यू" करायची आणि तो यायचा. त्याच्यानं उंदीर मारवत नव्हता. पण पलीकडच्या बांधावर पान हललं तरी तो असा काही किंचाळत भुंकायचा, की रस्त्यानं जाणारा माणूस आपसूक सायकल जोरात मारायचा.

आबांनी कुत्र्याकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "जवर ह्ये कुत्रं हाय तवर ठीक. मग बघू."

'मग बघू'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. आई वस्ती सोडून गावात राहायला जाणार नव्हती. शेळ्या होत्या, ऊस होता, आणि रिकाम्या वस्तीवर लोकांची नजर लवकर जाते. म्हणजे परत यायचं ते मीच.

शनिवारी मी पोचले तेव्हा कुत्रा बाजेखाली होता. खालचा जबडा एका बाजूला कलला होता, जसं बिजागर निखळलेलं दार कलतं. जीभ बाहेर, लाळेत रक्ताचा धागा. मला बघून त्यानं शेपूट हलवली आणि लगेच थांबवली. बहुधा तेवढ्यानंही दुखत असावं. आईनं हळद-तेल लावून ठेवलं होतं. ते लाळेनं धुऊन छातीच्या केसांवर पिवळे डाग पडले होते.

"काय खाल्लं का त्यानं?"

"कुठलं खातंय. पानी प्यालं तरी समदं बाहीर येतंय." आईचा आवाज बसलेला होता. "त्यानंच मारलं. मी सांगत न्हवते?"

'त्यानं' म्हणजे तात्यांनी. तात्या वडिलांचे चुलतभाऊ, बांधापलीकडची वस्ती त्यांची. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरं घर तेवढं एकच. पाण्याच्या पाळीवरून आईची आणि त्यांची जुनी धुसफूस होती. त्यात कुत्रा त्यांच्या बैलांवर भुंकायचा, बैल बिचकायचे, औत वाकडं जायचं. मागच्या महिन्यात त्यांनी बांधावर उभं राहून ओरडून सांगितलं होतं, "वैनी, येक दिस त्याचं थोबाड फोडीन बगा!" आणि आता थोबाड फुटलं होतं. आईच्या दृष्टीनं यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं तात्यांच्या घराशी बोलणं बंद केलं होतं. त्यांची बायको विरजण मागायला आली तर आईनं दारातूनच "संपलं" म्हणून सांगितलं, असंही तिनं मला सांगितलं, जरा अभिमानानं.

सोमवारी पहाटेच्या एस.टी.नं मी कुत्र्याला बारामतीच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आईला शेळ्या सोडून येता येत नव्हतं. शिवाय तिचा समज असा, की मी प्राणिशास्त्र शिकते म्हणजे अर्धी डॉक्टर झालेच आहे. मी तिला समजावलं नाही. मला स्वतःलाच तेव्हा नीट माहीत नव्हतं, आपण काय होणार आहोत.

पाटीत पोतं अंथरून त्याला ठेवलं आणि वर आईचं जुनं लुगडं टाकलं. कंडक्टरनं पाटीकडं बघून विचारलं, "कोंबड्या का?"

"कुत्रा आहे. आजारी आहे."

"जितं हाय ना?"

"हो."

"मग मागं बस. आन कुनाला सांगू नको, न्हाईतर उद्या समदे म्हशी घिऊन यायचे."

मागच्या बाकावर धक्के बसत होते. प्रत्येक खड्ड्याला पाटीतून बारीक आवाज येई आणि मी पाटी मांडीवर उचलून धरी. शेजारच्या बाईनं लुगडं उचलून आत बघितलं, "आगं बया!" म्हणून परत झाकलं, आणि उरलेल्या वाटेत तिच्या दिराच्या मोडलेल्या हाताची हकीकत सांगितली. मला ऐकताना झोप येत होती. त्या वर्षी मला सारखीच झोप यायची. आठवडाभर प्रॅक्टिकल, शनिवारी गाडी, रविवारी उसात भांगलण नाहीतर शेळ्यांना गवत, सोमवारी पहाटे परत गाडी. वर्गात पुढच्या बाकावर बसून मी उघड्या डोळ्यांनी झोपत असे.

दवाखान्यातले डॉक्टर पन्नाशीचे होते. टेबलावर कुत्र्याला घेऊन त्यांनी विचारलं, "कशानं झालं?"

"शेजाऱ्यानं काठी मारली, असं आई म्हणते."

"आईनं बघितलं?"

"नाही."

आधी सुई टोचून त्यांनी कुत्र्याला गुंगी आणली. मग बाहेरून जबड्यावर सगळीकडं हळूहळू बोटं फिरवली, केस बाजूला करून कातडी पाहिली. "माझ्याकडं जबडा मोडलेली कुत्री येतात ती बहुतेक रस्त्यावरची," ते काम करताकरता सांगू लागले. "मोटरसायकल, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या. मग बैलाची नाहीतर म्हशीची लाथ. मग काठी, दगड. कधी दोन कुत्र्यांची झुंज होते आणि धाकट्याचं तोंड थोरल्याच्या तोंडात सापडतं. गच्चीवरून पडलेलंही एक पिल्लू आलं होतं. पण असल्या माराला बाहेर खूण राहते. सूज, खरचटणं, काळंनिळं. काही नाही तर पुढचा दात तरी तुटतो. इथं बाहेर काहीच नाही. आता आत बघ."

त्यांनी ओठ वर केला आणि वास आला. त्या वासाची मला सवय होती, म्हाताऱ्या कुत्र्याच्या तोंडाला असा वास येतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. मागच्या दाढांवर तपकिरी दगडासारखा थर चढला होता. हिरडी दातापासून सुटून खाली सरकली होती, आणि डॉक्टरांनी चिमट्यानं एक दाढ नुसती हलवली तर ती ओल्या मातीतल्या खुंट्यासारखी डुलली. तिच्या मुळाशी पू होता. हाड बरोबर तिथंच मोडलं होतं.

"या लहान जातींचा जबडा बारीक असतो आणि त्या मानानं दाढा मोठ्या. मुळं हाडाच्या पार तळापर्यंत उतरतात. दाढ सडली की आजूबाजूचं हाडही झिजत जातं, वर्षानुवर्षं, कोणाला दिसत नाही. मग मोडायला काठी लागत नाही. वाळका भाकरीचा तुकडा पुरतो, कोणी जरासं ढकललेलं पुरतं. खायला काय घालता?"

"दूध-भाकरी कुस्करून. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट."

"लाडाचं," ते म्हणाले. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, पण मला वडील आठवले. बिस्कीट बुडवून द्यायची सवय त्यांची. आईनं ती त्यांच्यामागं चालू ठेवली होती, त्यांची आठवण म्हणून म्हणा, किंवा सकाळी चहाला कोणीतरी सोबत हवं म्हणून.

वर्गात मी सशाचं दंतसूत्र पाठ केलं होतं, कुत्र्याचंही. कपाटातल्या कवट्या हातात घेऊन आकृत्या काढल्या होत्या. घरातल्या कुत्र्याचं तोंड उघडून आत बघावं असं मात्र कधी सुचलं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले तेही खरं, कोणालाच सुचत नाही. कुत्रा दात दुखतो म्हणून सांगायला येत नाही, खात राहतो.

त्यांनी ती दाढ काढली, आत धुतलं. मग चिकटपट्टी दुहेरी करून, चिकट बाजू आतल्या आत ठेवून, त्याच्या तोंडाला बसेल असं कडं केलं आणि त्याचा पट्टा कानामागून बांधला. बैलाला मुसकं घालतात तसं. फक्त जिभेचं टोक बाहेर येईल एवढी फट ठेवली. "या फटीतून पातळ चाटेल तेवढंच खाणं. आंबील, वरणाचं पाणी. म्हाताऱ्या कुत्र्याचं हाड जुळेलच असं मी म्हणणार नाही. जुळायचं असेल तर हालचाल बंद पाहिजे. चावायचं नाही, जांभईसुद्धा मोठी द्यायची नाही. भुंकायचं नाही."

शेवटचे दोन शब्द ऐकून मी त्यांच्याकडं बघितलं. मला विचारायचं होतं, किती दिवस? मला सांगायचं होतं, की डॉक्टर, याच्याकडं भुंकण्याशिवाय दुसरं काही नाहीच. पण रांगेत मागं एक माणूस वासरू घेऊन उभा होता. मी "बरं" म्हणाले.

दुपारच्या गाडीनं परत गेले. आईनं मुसकं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "मेल्याचं तोंड बांधत्यात, गं. जित्याचं बांधतं का कुनी?"

मी तिला सगळं सांगितलं. दाढ, पू, झिजलेलं हाड. काढलेली दाढ मी कागदात गुंडाळून आणली होती, तीही दाखवली. तिनं दाढ हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली.

"दात किडून जबडा मोडतो व्हय? माझ्या चार दाढा किडल्यात. मोडला का माझा जबडा?"

"आई, कुत्र्याचं वेगळं असतं. त्यात हे लहान..."

"तुमच्या डाक्टरला तात्या भेटला असंल आदीच."

मी हसले, ती हसली नाही. आंबील चाटताना कुत्र्याची जीभ फटीतून बाहेर यायची आणि निम्मी आंबील मुसक्यावर सांडायची. आई शेजारी बसून ओल्या फडक्यानं दर वेळी पुसायची. खरं सांगायचं तर तिनं माझंही कधी इतकं केल्याचं मला आठवत नव्हतं.

पुढचे काही आठवडे असेच गेले. मी शनिवारी जाई, मुसकं नीट बसलंय का बघे, सोमवारी परत. कुत्रा बारीक होत चालला होता. केसांमुळं दिसत नसे, पण उचलला की कळे. आणि जबडा जुळत नव्हता. बोट लावलं की अजून हलायचा. डॉक्टरांकडं परत नेलं, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मुसकं काढत नाही ना तुम्ही?" मी छातीठोकपणे सांगितलं, नाही.

मग एकदा आठवड्याच्या मधेच कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली आणि मी कोणाला न कळवता घरी गेले. फाट्यावर उतरून चालत निघाले तेव्हा दिवस मावळत होता. उसाच्या फडातून वाट काढत वस्तीजवळ आले आणि कुत्रा भुंकला. तोच किंचाळता आवाज, थोडा चिरका झालेला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ पळतच निघाले.

चार पावलं गेले असेन आणि थांबले. तोंड बांधलेला कुत्रा भुंकत नाही.

वळणावरून आबांची सायकल जाताना दिसली. डेअरीवर दूध घालून ते रोज याच वेळेला आमच्या वस्तीवरून गावाकडं परतत. रिकामी किटली हँडलला वाजत होती. कुत्रा त्यांच्या सायकलवर भुंकला होता, नेहमीसारखा, आणि आबा नेहमीसारखे वळून न बघता निघून गेले. ओट्यावर आई उभी होती. तिच्या हातात मुसकं होतं.

मला बघून तिनं ते पाठीमागं लपवलं, लहान मुलीसारखं.

मी ओट्यावर बसले. पाणीही मागितलं नाही. कुत्रा माझ्या पायाशी येऊन बसला, जबडा कललेला, श्वास दमलेला.

"रोज काढतेस?"

"सांजचंच काढती. सकाळी उठल्या-उठल्या परत घालती." मग तिचा आवाज चढला. "मग काय करू? आबा रोज हितनं जात्यात. येक दिस कुत्रं वरडलं न्हाय तर दुसऱ्या दिशी ओट्यावर येऊन बसत्याल. 'पोरीला बोलव.' तू येशील. तू न्हाय म्हननार न्हाईस, मला म्हाईत हाय. गप गुमान पेटी घिऊन येशील."

ते खरं होतं. मी आले असते. वसतिगृहातल्या खोलीत झोपेला टेकताना कितीदा वाटायचं, की कोणी बोलावलं तर बरं होईल. एवढी दगदग तरी थांबेल. हे मी आईला सांगितलं नाही.

"त्याचं हाड जुळत नाही त्यामुळं," मी म्हणाले. "तो खाऊ शकला नाही तर मरेल, आई. मग तर आबा बोलावणारच."

आई खाली बसली. कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "त्याला शेळीनं ढुसणी दिल्ती."

"कधी?"

"त्याच दिशी. पाटीत तोंड घातलं म्हनून. लई जोराची न्हाय, उगी आपली. केकाटलं आन बाजंखाली गेलं. म्या बगितलं व्हतं."

"मग तात्यांचं नाव का घेतलंस?"

"शेळीला कुठं जाऊन बोलायचं?" ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. पहिल्यांदाच, इतक्या आठवड्यांनी. पण ते फार टिकलं नाही. तिनं मुसकं घेतलं, कुत्र्याच्या तोंडावर चढवलं, कानामागं पट्टा ओढला. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"बांधापल्याड. तू बी चल. माझ्याच्यानं येकटीनं जाववायचं न्हाय."

तात्या बैलांना वैरण टाकत होते. आम्हाला बघून त्यांनी पेंढी खाली ठेवली नाही. आईनं पदर सावरला आणि बैलाकडं बघत म्हणाली,

"भावजी, कुत्र्याचा जबडा दात किडून मोडला. डाक्टर म्हनला."

"हां."

"तुमचं नाव घ्यातलं म्या."

"घ्यातलं? गावात दोन ठिकानी चहाला बसलो तर दोन्हीकडं ईचारलं मला, तात्या, कुत्र्यानं तुमचं काय खाल्लं? आमची ही घरात तोंड फुगवून बसली. विरजण मिळालं न्हाय म्हनून." पेंढी त्यांनी गव्हाणीत आपटली. "मारनार व्हतो, खोटं न्हाय बोलत. पर मारायच्या आदीच मोडला की त्यो. माझा डाव ऱ्हायला."

आत चुलीजवळून त्यांची बायको हसल्याचा आवाज आला. आई हसली नाही. तिनं बाकीचंही सांगितलं. आबांचं, भुंकण्याचं, मुसक्याचं, माझ्या कॉलेजचं. मान खाली घालून एकेक शब्द काढत होती. मला तिचा आवाज ऐकवत नव्हता. तात्या ऐकत होते, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत.

"म्हंजी त्याचं हाड बसस्तवर भुंकायला कुनी पायजे," ते शेवटी म्हणाले.

"व्हय."

"मग मी हाय की. वरडायला माझं थोबाड काय कमी हाय?"

"भावजी, चेष्टा नगा करू."

"चेष्टा कुठली? दिवस बुडला की बांधावर येऊन येक हाक देतो. 'वैनी, हाय का?' तुमी 'हाय' म्हना. पुन्हा झोपायच्या आदी येक. उत्तर न्हाय आलं तर काठी घिऊन येतो. नायतरी काठीचं नाव झालंच हाय माझं."

दुसऱ्या दिवशी मी घरीच होते. दिवस मावळताना बांधावरून हाक आली, "वैनी, हाय का?" एवढी मोठी, की उसातले बगळे उडाले. आईनं अवघडून "हाय" म्हटलं. तेवढ्यात आबांची सायकल वळणावर आली. ओट्यावर कुत्रा उभा राहिला, शेपूट हलवली, मुसक्याच्या आत नुसता घुमला. आबा पुढं गेले, मग थांबले. पाय टेकवून मागं बघितलं. सायकल हातानं ढकलत परत आले.

"तात्यानं ह्याला मारलं म्हनून ऐकलं व्हतं, पर वरडत तर व्हता. ह्याच्या तोंडाला काय?"

आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मी सांगू लागले तर तिनं मला हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगितलं, सगळं. रोज संध्याकाळी मुसकं काढल्याचंही.

आबा कुत्र्याकडं बघत राहिले. "म्हंजी माझ्यासाठी भुंकत व्हता व्हय त्यो, इतकं दिस? मोडक्या तोंडानं?"

आबांचा चेहरा मला वाचता येईना. मी मनातल्या मनात पेटी भरायला सुरुवात केली होती. पुस्तकं तळाला, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट वर.

बांधावरून तात्या ओरडले, "आबा! कुत्र्याची नोकरी मला लागली! बिनमुसक्याचा हाय, कवाबी वरडतो!"

"तू नायतरी दुसरं काय केलंस जल्मभर?" आबांनी तिकडं ओरडून सांगितलं. मग सायकलवर टांग टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "राखण दोन पायाची असली तरी चालंल. जा तू. गाडी चुकवू नगंस."

एवढंच. किटली वाजत गेली.

त्यानंतर मुसकं काढलं नाही. हाड जुळलं असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. मधे चिवट गाठीसारखं काहीतरी धरलंय, एवढं पुरे आहे, असं म्हणाले. आणखी दोन सडक्या दाढा त्यांनी काढल्या. मुसकं निघालं तेव्हा कुत्र्याचं तोंड कायमचं जरा वाकडं झालं होतं आणि जीभ एका बाजूनं बाहेर राहायची. बिस्कीट बंद झालं, आंबील चालू राहिली. भुंकणं परत आलं, पण ते पूर्वीचं नव्हतं. खोकल्यासारखं एकदा-दोनदा, मग तो स्वतःच दमून बसायचा. वाटसरू घाबरेनासे झाले. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला, दुपारी, बाजेखालीच. आईनं त्याला बांधाच्या कडेला पुरलं. खड्डा तात्यांनी खणला.

माझं शेवटचं वर्ष अजून बाकी होतं. मी तसंच शनिवारी येत राहिले, सोमवारी जात राहिले, गाडीच्या मागच्या बाकावर झोपत राहिले. कुत्रा गेल्यावर आबा ओट्यावर येऊन बसतील, याची आम्ही वाट बघितली. ते आले नाहीत.

त्या पावसाळ्यातल्या एका शनिवारी गाडी बंद पडली म्हणून उशिरा पोचले. पाय भरून आले होते. ओट्यावर पिशवी टाकली आणि तिथंच आडवी झाले. आत आई भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात. बांधावरून हाक आली, "वैनी, हाय का?"

आई आतून म्हणाली, "दे की गं उत्तर."

मी डोळे न उघडताच ओरडले, "हाय, तात्या."

"आली व्हय तू?" बांधावरून आवाज आला. "मग आज मला सुट्टी."